मिलिंदनं बसवलेला पांढरा ओटा

सुनंदाचा फोन आला तेव्हा शाळेत परिपाठ नुकताच संपला होता आणि पोरं रांगेनं वर्गात चालली होती. सुनंदा म्हणजे माझ्या चुलत भावाची, मिलिंदची बायको. तिचा फोन रोजच यायचा, आणि ती बोलायला लागायच्या आधी मला मागचा आवाज ऐकू यायचा. हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन घरात बसवल्यापासून शिरडहून आलेल्या प्रत्येक फोनच्या पाठीमागं ती घरघर असायची, लांब कुठंतरी विहिरीवर मोटर चालावी तशी. त्या दिवशी फोन कानाला लावला आणि मागं काहीच नव्हतं. मी घाईनं विचारलं, "लाइट गेली का ग? सिलिंडर लावलं का?" ती म्हणाली, "लाइट हाय, अक्का. मशीन मीच बंद केलं... आता कोणाला लावू?"

त्याला दीड महिना होऊन गेला. मिलिंद काही मोठा माणूस नव्हता. घरोघरी फरश्या आणि ओटे बसवणारा मिस्त्री. हिंगोली, औंढा, वसमत या बाजूच्या कितीतरी घरांत माणसं सकाळी उठून त्यानं बसवलेल्या फरशीवर पहिलं पाऊल टाकतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याचं नावही आठवत नसेल. माझ्या घरात त्यानं जे काम केलं ते मात्र मला विसरता येत नाही. तेच लिहायला बसले आहे. त्यात माझा जो वाटा आहे, तोही लिहिणार आहे.

शिरड शहापूरला आमचं आणि काकांचं घर शेजारी शेजारी, मधे एकच अंगण. मिलिंद माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. काकू मजुरीला गेली की तो माझ्या कडेवर असायचा. माझी पाठांतरं त्याला कडेवर घेऊन अंगणात फेऱ्या मारतच झाली. सात-आठ वर्षांचा झाल्यावर त्याची एक खोड आमच्या लक्षात आली. काही वाकडं दिसलं की त्याच्या घशाखाली घास उतरायचा नाही. भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो बोटभर कलला तरी तो जेवणातून उठायचा, पत्र्याच्या पेटीवर चढायचा, फोटो सरळ करायचा आणि मगच पुन्हा ताटावर बसायचा. "काहून उठला रे मधीच?" म्हणून काका ओरडायचे. "वाकडं हुतं," एवढंच तो सांगायचा. मी तेव्हा डी.एड. करत होते. मला वाटायचं, हे पोरगं इंजिनिअर होणार.

बारावी झाली तेव्हा काकांना काम होईनासं झालं होतं. गावातल्या एकाच्या ओळखीनं मिलिंद पुण्याला गेला, तो थेट दगड कापणाऱ्या एका ठेकेदाराकडं. उंच उंच इमारती, त्यांत एकसारखी शेकडो स्वयंपाकघरं, आणि प्रत्येकात ओटा. आठ-नऊ वर्षं त्यानं तेच केलं. जयंतीला गावी आला की अंगावर चांगला शर्ट असायचा, केस नीट कापलेले असायचे, पण हाताच्या रेघांत काहीतरी पांढरं बसलेलं असायचं. साबणानं निघायचं नाही. मी विचारलं तर हसायचा. "अक्का, ही शहरातली पावडर हाय. सहजासहजी निघत न्हाई." लॉकडाउन लागला तसा सुनंदाला आणि लेकीला घेऊन तो परत आला, आणि मग गेलाच नाही. इथंच कामं धरली. वर्षभरात त्याचं नाव झालं. माणसं दुसरा मिस्त्री मिळत असूनही त्याच्यासाठी दोन-दोन महिने थांबायची.

माझं हिंगोलीतलं घर वीस वर्षांचं जुनं. जमिनीला साधा सिमेंटचा कोबा, तोही जागोजागी उखडलेला. स्वयंपाकघरात कडप्प्याचा काळा ओटा, सिंकजवळ तडकलेला. त्या तड्यात मुंग्या. आमच्या ह्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि आम्ही एकदाचं ठरवलं की स्वयंपाकघर नवं करायचं आणि घरभर फरशी टाकायची. त्याच सुमारास नांदेडला आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या घरी मी पांढरा ओटा पाहिला. खरं सांगते, मी त्यांच्याशी बोलत होते पण माझा हात त्या ओट्यावरूनच फिरत होता. माझ्या आईनं जमिनीवर बसून, धुरात डोळे पुसत जन्म काढला. मी स्वतः काळ्या, तडकलेल्या दगडावर वीस वर्षं भाकरी थापल्या. तो पांढराशुभ्र ओटा म्हणजे आपण कुठून निघालो आणि कुठं पोचलो, याची खूण आहे असं मला वाटलं. आज ते वाक्य लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटलं होतं हे खरं.

दगड पाहायला मिलिंदला घेऊनच नांदेडला गेलो. दुकानामागच्या शेडमध्ये माणसाहून उंच लाद्या लोखंडी घोड्यांना टेकवून उभ्या होत्या. मिलिंदनं एका काळ्या ग्रॅनाइटवरची धूळ रुमालानं पुसली आणि मला बोलावलं.

"हा पाहा अक्का. याच्यावर गरम कढई ठेव, हळद सांड, लिंबू पिळ. काही व्हत न्हाई याला. तुझ्या सुनेच्या सुनेला बी पुरंल."

माझं लक्ष केव्हाच पलीकडच्या पांढऱ्या लादीकडं गेलं होतं. तिच्यात राखाडी रेघा होत्या, दुधावर साय धरताना उमटतात तशा. दुकानदार सांगू लागला, हा खाणीतला नाही, कारखान्यात तयार होतो. दगडाचं पीठ करून, डिंकासारख्या रसायनात घालून दाबतात. क्वार्ट्झ म्हणतात. आता सगळीकडं हाच चालतो.

"हाच," मी म्हणाले.

मिलिंद त्या लादीजवळ आला नाही. होता तिथूनच म्हणाला, "काळा घे, अक्का."

"काहून? हा टिकत नाही का?"

"टिकतो. डाग बी पडत न्हाई."

"मग?"

त्यानं रुमाल घडी करून खिशात ठेवला. "कापायला तकलीफ देतो हा."

मी हसले. म्हणाले, "कापायचं काम तुझं. तकलीफ झाली तर दोन कप चहा जास्ती देते." दुकानदारही हसला. मिलिंदनं माझ्याकडं पाहिलं, मग त्या लादीकडं पाहिलं. "तुझ्या मनात बसला ना? मग झालं," असं म्हणून तो मापं सांगायला दुकानदाराबरोबर आत गेला. आत जायला चार-पाच पायऱ्या होत्या. तिसऱ्या पायरीवर तो भिंतीला हात टेकवून उभा राहिला. मला वाटलं, चपलेत खडा गेला असेल.

फरशी निवडायला हिंगोलीतल्याच दुकानात गेलो. तिथं मला आरशासारखी चकचकीत फरशी आवडली आणि तिथं मात्र मिलिंदनं माझं चालू दिलं नाही. त्यानं एक चकचकीत फरशी आणि एक खरखरीत फरशी जमिनीवर शेजारी शेजारी मांडली, आपल्या बाटलीतलं पाणी दोन्हींवर ओतलं आणि मला म्हणाला, "चप्पल काढ. उभी राहा." मी चकचकीत फरशीवर पाय ठेवला तसा तो सटकला. त्यानं माझं कोपर आधीच धरून ठेवलं होतं. "तुझे गुडघे आताच दुखून राहिले. साठीत पडलीस तर कोण उठवणार?" मग मी खरखरीत फरशीवर उभी राहिले. पाय धरून ठेवल्यासारखा राहिला. "ही बराबर हाय," तो म्हणाला आणि खोक्यावर बसला. श्वास घेत बसला. दहा मिनिटं समोरच्या फरश्यांकडं पाहत राहिला. दुकानातल्या माणसानं पाणी आणून दिलं. मी म्हणाले, "तब्येत दाखव रे कोणाला तरी." तो म्हणाला, "धूळ हाय अक्का. दोन दिस काम बंद ठेवलं की जाती."

माझ्या गुडघ्यांची काळजी त्याला होती. त्याच्या श्वासाची काळजी मी एका वाक्यात उरकली.

फरशीचं काम पंधरा दिवस चाललं. त्याच्याबरोबर माणिक नावाचा जोडीदार मिस्त्री असायचा, त्याच्याच वयाचा, डोंगरकड्याचा. मिलिंद फरशी बसवली की बोटाच्या पेरानं चारी कोपऱ्यांवर वाजवायचा आणि मान तिरकी करून ऐकायचा. खाली सिमेंटचा मसाला भरला नसेल तर ती पोकळ वाजते; पोकळ वाजली की काढून पुन्हा बसवायचा. आमच्या भागात जमिनीतून आवाज येतो, याची आता कोणाला नवलाई राहिलेली नाही. गडगडतं, भांडी हलतात, माणसं बाहेर येतात आणि पुन्हा आत जातात. मिलिंद म्हणायचा, "आपल्याकडची जमीन कवा हलंल सांगता येत न्हाई. फरशी भरीव पाहिजे."

पांढरी लादी घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच आवाज झाला. मोठा झाला. खिडकीच्या काचा थरथरल्या. मी, आमचे हे, माणिक, सगळे अंगणात पळालो. मिलिंद उलटा आत पळाला. स्वयंपाकघरात ती लादी भिंतीला टेकवून उभी होती. तिला त्यानं दोन्ही हातांनी आणि छातीनं दाबून धरलं. मी बाहेरून ओरडत होते, "सोड ती! बाहेर ये!" सगळं शांत झाल्यावर आत गेले तर तो तसाच, गाल दगडाला लावून उभा होता आणि खोकत होता. तो खोकला थांबेच ना. शेवटी थुंकायला मोरीत गेला आणि बराच वेळ नळ सुरू ठेवला. बाहेर येऊन म्हणाला, "अक्का, अजून बी सांगतो. हिला भोकं पडली न्हाईत अजून. परत देऊ, काळा आणू."

मला वाटलं, जमीन हलली म्हणून घाबरलाय. मी म्हणाले, "एवढा जीव लावून धरलीस, आता परत काय देतोस?"

त्यानं मान हलवली आणि कटर काढला.

लादी मापानं कापूनच आली होती. सिंकसाठी आणि शेगडीसाठी भोकं मात्र घरी, ती जागेवर बसवून झाल्यावर पाडायची होती. त्यानं अंगणातल्या नळाला पाइप लावून आत आणला. तोवर खाली नव्या ट्रॉल्या बसल्या होत्या, भिंतींना रंग लागला होता. मी दारातच आडवी उभी राहिले. "पाणी नको रे मारू. सगळ्या ट्रॉल्या फुगतील. भिंतीवर शिंतोडे उडतील."

"कोरडा कापला तर लई धूळ व्हते."

"मग बाहेर अंगणात ने."

"जागेवर बसवली अक्का. आता उचलली तर मधी तुटंल."

"तर कोरडाच काप. दार लावून घे, म्हणजे धूळ बाहेर येणार नाही."

हे मीच म्हणाले. दार लावून घे, हे माझेच शब्द. मला हॉलमधल्या सोफ्याची काळजी होती. त्यानं पाइप गुंडाळला. माणिक आत यायला लागला तर त्याला म्हणाला, "तू नको. तू हॉलमधले सांधे भर." आणि तोंडाला रुमाल बांधून त्यानं आतून दार लावलं. खिडकीही मीच सकाळी लावून घेतली होती.

तासभर तो आवाज चालू होता. दाराखालच्या फटीतून मैद्यासारखी बारीक पांढरी भुकटी बाहेर आली, आणि तिच्याबरोबर एक गोडसर, जळका वास. मी फटीला ओलं फडकं लावलं. एकदा दार उघडून त्यानं मला माप दाखवायला बोलावलं, तर शेगडी बसेना. मी दुकानात दिलेलं माप चुकलं होतं. "परत काप मग," मी म्हणाले. दार पुन्हा लागलं. शेवटी तो बाहेर आला तेव्हा केस, भुवया, पापण्या, कान, सगळं पांढरं. नुसते डोळे लाल. आम्ही हसलो. आमच्या ह्यांनी मोबाइलवर फोटो काढला आणि म्हणाले, "मिलिंदराव, ओळखूच येईना!" तोही हसायला गेला आणि हसता हसता खोकायला लागला, आणि भिंतीला धरून खाली बसला. नव्या फरशीवर त्याच्या बसण्याचा पांढरा ठसा उमटला. मी तो लगेच पुसून घेतला.

ओटा मात्र असा बसला होता की काय सांगू! सांधा नखाला लागत नव्हता. पाण्याचा थेंब टाकला तर तो इकडे तिकडे न जाता सरळ सिंककडं जायचा. येणारी प्रत्येक बाई आधी ओटा पाहायची. घर दाखवायला म्हणून जेवण केलं तेव्हा मिलिंद, सुनंदा, लेक, सगळे आले होते. त्याच्या ताटात मी पुरणपोळी वाढली. त्यानं अर्धी खाल्ली. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झाली होती. जाताना सुनंदा हळूच म्हणाली, "अक्का, रात्री आडवंच व्हता येत न्हाई त्यांना. बसून झोपतात." मी म्हणाले, "दवाखान्यात ने."

दवाखान्यात नेलं. एक्स-रे पाहून टीबी सांगितला. सहा महिने गोळ्या झाल्या. खोकला कमी होईना, वजन उतरतच गेलं. पुन्हा गोळ्या सुरू झाल्या. गल्लीत माणसं त्याच्या कपातलं पीत नव्हती. लेकीला शाळेत वेगळं बसवलं तेव्हा मी जाऊन त्या बाईंशी भांडले. पण घरी येऊन मी मिलिंदला काय बोलले? "तू गोळ्या चुकवत असशील. पुण्यात काही सवयी लागल्या असतील, त्या सांग तरी डॉक्टरला." त्यानं आयुष्यात कधी बिडीसुद्धा ओढली नव्हती. तो माझ्याकडं पाहत राहिला आणि म्हणाला, "न्हाई चुकवत, अक्का." मला शाळेतल्या पोरांना रागवायची सवय. त्या सवयीनं मी त्याला बोलले.

शेवटी एका ओळखीच्यानं नाव सांगितलं म्हणून त्याला नांदेडला एका छातीच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. सुनंदा, तो आणि मी. डॉक्टर वयानं तरुणच होते. त्यांनी जुने एक्स-रे उजेडात धरले, छातीचा नवा फोटो काढायला लावला, आणि सगळं पाहून झाल्यावर जे अजून कोणीच विचारलं नव्हतं ते विचारलं.

"काम काय करता?"

"ओटे बसवतो, सर. फरशी बी."

"कुठला दगड?"

"समदेच. पुण्यात जास्ती करून पांढरा. क्वार्ट्झ."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तोंडाला काय बांधत होतात?"

"रुमाल."

"पाणी मारून कापत होतात का?"

मिलिंदला एवढं एक वाक्य बोलायलाही मधे श्वास घ्यावा लागत होता.

"जिथं मारू दिलं... तिथं मारलं, सर."

तो माझ्याकडं वळला नाही. त्यानं एकदा तरी पाहायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. पाहिलं असतं तर मी तिथंच काहीतरी कबूल केलं असतं. मी टेबलावरच्या पेनाकडं पाहत राहिले. डॉक्टर समजावून सांगत होते की ही दगडाची धूळ आहे, ती फुप्फुसात रुतून बसते, फुप्फुस हळूहळू आतून घट्ट होत जातं आणि आत गेलेली धूळ काढायला औषध नाही. टीबी नव्हताच, असंही ते म्हणाले. सुनंदानं विचारलं, "मग कामावर कवा जातील?" डॉक्टरांनी तिच्याकडं पाहिलं आणि मशीन कुठं मिळेल ते कागदावर लिहायला घेतलं.

बाहेर आल्यावर मी त्याला बाकावर बसवलं आणि म्हणाले, "मिलिंदा, माझ्या घरी त्या दिवशी..." त्यानं मला पुढं बोलू दिलं नाही. "एका दिसानं न्हाई व्हत, अक्का. पुण्यातच आत गेलतं समदं." तो मला सोडवत होता. मी तेव्हा ते पटकन धरलं, बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो तसं. घरी जाईपर्यंत मला जवळजवळ पटलंही होतं.

खरी गोष्ट मला सुनंदानं पुढं तीन-चार महिन्यांनी सांगितली. तोवर घरात मशीन आलं होतं. दिवसा लाइट गेली की आम्ही सगळे त्या नळीकडं पाहायचो आणि सुनंदा सिलिंडरची चावी फिरवायची. मिलिंद आत बसल्या बसल्या डोळे मिटून होता. अंगणात भाजी निवडता निवडता सुनंदा म्हणाली, तुमच्या ओट्याच्या आधीच त्यांना पुण्याहून फोन आला होता. बरोबर काम करणारा एक जोडीदार गेला होता, असाच खोकून खोकून. दुसरा अंथरुणाला खिळला होता. फोन आल्यापासून त्यांनी पांढऱ्या दगडाची कामं घेणं बंद केलं होतं. दोन माणसांना नाही म्हणाले होते.

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. "मग मला काहून बोलला नाही?"

"मी बी तेच म्हणले. तर म्हणे, अक्काच्या मनात बसला तो. तिनं कवा काही मागितलं का माझ्याजवळ?"

म्हणजे नांदेडच्या त्या शेडमध्ये तो लांब उभा राहून "काळा घे" म्हणत होता तेव्हा त्याला सगळं माहीत होतं. लादीला गाल लावून खोकला तेव्हा माहीत होतं. माणिकला बाहेर ठेवून आतून दार लावलं तेव्हाही. मी विचारलं असतं, नीट, बसवून, मोठ्या बहिणीसारखं विचारलं असतं, तर तो बोलला असता का? मला वाटतं, बोलला असता. त्यानं तीनदा बोलायला सुरुवात केली होती. मी तिन्ही वेळा त्याचं वाक्य माझ्या सोयीनं पुरं केलं.

शेवटचं भेटले ते जाण्याच्या चार दिवस आधी. रविवार होता. उशीला टेकवून त्याला खिडकीशी बसवलं होतं. हात इतके बारीक झाले होते की मनगटातलं घड्याळ कोपरापर्यंत सरकायचं. पण हाताच्या रेघा आता स्वच्छ होत्या. त्यातलं पांढरं कधीच निघून गेलं होतं. मी त्याला मोसंबीच्या फोडी सोलून देत होते. त्यानं नळी थोडी बाजूला केली. "फरशी वाजती का कुठं?"

मोरीच्या दाराजवळची एक वाजते. मी म्हणाले, "नाही रे. सगळी भरीव आहे."

"आन वटा?"

"चांगला आहे."

त्यानं मान हलवली. बराच वेळ दम गोळा केला. मग म्हणाला, "गरम भांडं डायरेक ठेवू नको... त्याच्यातला डिंक जळतो. डाग पडंल." दगडाविषयी तो माझ्याशी बोलला ते एवढंच शेवटचं. ओट्याला डाग पडू नये, ही त्याची काळजी होती. मी "ठेवत नाही" म्हणाले आणि फोडी सोलत राहिले. लेक शेजारी गृहपाठ करत होती. तिच्या वहीतल्या समासाची रेघ तिरकी गेली होती. त्यानं ती बोटानं दाखवली आणि पट्टी मागितली.

मिलिंद गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला माणसं अंगणात मावत नव्हती. ज्याच्या कपातलं कोणी पीत नव्हतं त्याच्याच घरी सगळे जेवून गेले. माणिक शेवटपर्यंत पत्रावळ्या उचलत होता. निघताना मला म्हणाला, "मला कवा बी आत येऊ दिलं न्हाई, अक्का. पांढरा दगड असला की म्हणायचा, तू चहा पिऊन ये." सांगताना त्याला हुंदका आला, आणि हुंदक्याच्या मागोमाग खोकला. मिलिंद आजारी पडल्यापासून पांढऱ्या दगडाची कामं माणिकच करत होता. मी त्याचा दंड धरला. "कधीपासून खोकतोस?" "धूळ हाय," तो म्हणाला. "दोन दिस काम बंद ठेवलं की जाती."

त्यानंतर आठ दिवस मी स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं की हात थांबायचे. शेवटी ह्यांना म्हणाले, हा ओटा काढून टाकायचा. कडप्पा बसवू, शहाबादी बसवू, काहीही बसवू. माणिकला बोलावलं. तो आला, ओट्याखाली वाकून पाहिलं, सांध्यावरून हात फिरवला. "अख्खा निघत न्हाई, अक्का. त्यानं बसवलेला हाय, भिंतीत घुसलाय. कापूनच काढावा लागंल." आणि त्यानं पिशवीतून कटर काढला, खिशातून रुमाल काढून तोंडाला बांधला.

"थांब," मी म्हणाले.

"पाणी मारून कापतो ना."

"नको. ठेव तो आत. मला नाही काढायचा."

त्यानं रुमाल खाली ओढला. कटर पुन्हा पिशवीत टाकला. आम्ही दोघं चहा पीत बसलो. मी त्याला विचारलं, पाणी मारून कापतोस ना सगळीकडं? मास्क घेतलास का? मास्क घेतला होता, दम कोंडतो म्हणून घालत नव्हता. आणि पाण्याचं म्हणाला, "घरवाल्या बाया न्हाई म्हणत्यात, अक्का."

"कोण कोण नाही म्हणतं?"

त्यानं कपात पाहिलं. "समद्याच."

मी त्याला त्या दिवशीच नांदेडच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. त्याचा फोटो निघाला आहे. छातीत सुरुवात आहे, असं डॉक्टर म्हणाले. काम सोडा म्हणाले. माणिकनं विचारलं, सोडून काय करू? हातात घेतलेली दोन कामं पुरी करून मग पाहतो, असं म्हणून तो गेला. जाताना मी त्याला सांगितलं, पाण्याला कोणी नाही म्हणालं तर तिथूनच मला फोन लाव आणि त्या बाईच्या हातात दे.

परवा दुपारी त्याचा फोन आला. कळमनुरीकडचं कुठलंसं नवं घर. मी त्याच पांढऱ्या ओट्याशी उभी राहून भाजी चिरत होते. पलीकडून एका बाईचा आवाज आला, तरुण, जरा वैतागलेला. "हे मिस्त्री ऐकून नाही राहिले. आत पाणी मारतो म्हणतात. आमचा रंग कालच झाला हो."

मी म्हणाले, "होऊ द्या खराब. पुन्हा देता येतो रंग."

ती म्हणाली, "पण तुमी कोण?"

मी सुरी खाली ठेवली.

"मी मिस्त्रीची बहीण."